मूसच्या शिकारीसाठी रायफल: .३०-०६ पुरेल की मॅग्नमच घ्यावी?

पीस_नदीकाठी

नमस्कार मंडळी,

फोर्ट सेंट जॉनला, म्हणजे ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्य कोपऱ्यात, राहायला येऊन बरीच वर्षं झाली. सप्टेंबर लागला की इथे ऑफिसात दुसरा विषय नसतो. कोण कुठल्या नदीने वर जाणार, कोणाला मूस (इथलं अवाढव्य हरीण) मिळाला, कोणाचा फ्रीझर भरला. यंदा सहकाऱ्यांनी मलाही सोबत घ्यायचं ठरवलंय. जेटबोटीने मस्क्वा-केचिकाच्या रानाच्या बाजूला जायचं आणि आठवडाभर तंबूत राहायचं. बंदुकीचा परवाना आहे, शिकाऱ्यांचा कोअर अभ्यासक्रम पुरा केला, शिकाऱ्याचा ओळखक्रमांकही आला. रायफल तेवढी राहिलीय.

दुकानदार म्हणतो, अस्वलांचा मुलूख आहे, .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या खाली बघूच नका (हे आकडे म्हणजे काडतुसांची नावं, आणि मॅग्नम म्हणजे जास्त ताकदीचं काडतूस). गटातला सगळ्यात जुना शिकारी वडिलांची .३०-०६ घेऊन जातो आणि म्हणतो, उगाच पैसे घालवू नकोस. तिसऱ्याला .३३८ सोडून काही चालत नाही. मी क्लबच्या रेंजवर .२२ आणि .३०८ चालवतो, तेवढाच सराव.

दुर्बिणीसकट अडीच हजार कॅनेडियन डॉलरपर्यंत खर्च करीन. रायफल एकच घ्यायची आहे आणि ती पुढे कॅरिबू, एल्क अशा बाकीच्या हरणांनाही चालली पाहिजे. जाणकारांनी सांगावं.

कॅलगरीचा_पाटील

.३०-०६ घ्या आणि निवांत व्हा.

हे काडतूस १९०६ साली अमेरिकी लष्करासाठी आलं. तेव्हापासून उत्तर अमेरिकेत असा प्राणी नाही जो याने पडलेला नाही. १८० ग्रेनची (साधारण पावणेबारा ग्रॅमची) गोळी नळीतून साधारण २७०० फूट प्रतिसेकंद वेगाने निघते, ऊर्जा २९०० फूट-पाउंडच्या आसपास. .३०० विन मॅगमध्ये तीच गोळी २९५०-३००० ने जाते, ऊर्जा ३५०० च्या घरात. कागदावर हा फरक डोळ्यांत भरतो. प्रत्यक्षात दोन्ही रायफली २०० यार्डांवर शून्य केल्या, म्हणजे त्या अंतरावर नेम धरला तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळवली, आणि ३०० यार्डांवर गोळी किती खाली येते ते पाहिलं, तर एकीची आठ-साडेआठ इंच आणि दुसरीची सात इंच. त्या दीड इंचासाठी जड रायफल, महाग काडतुसं आणि खांद्याला जादा धक्का. मूसच्या छातीचं लक्ष्य दीड-दोन फुटांचं असतं.

शिवाय ऐन माजाच्या दिवसांत मूसला आवाज देऊन बोलावतात. तिथे अंतर शंभर यार्डांच्या आतच राहतं.

सुमेधा_अँकरेज

पाटीलसाहेब, हिशोब बरोबर आहे, पण तो आडव्या उभ्या राहिलेल्या मूसचा आहे. आमच्याकडे अलास्कात नवरा आणि मी दोघंही .३३८ विंचेस्टर मॅग्नम वापरतो. १९५८ चं काडतूस, २२५ ग्रेनची गोळी, ३९०० फूट-पाउंडच्या आसपास. इथे ते इतकं का रुजलं याला कारण आहे. आल्डरच्या झुडपांत मूस तिरका उभा असतो, खांद्याचं जाड हाड मध्ये येतं, आणि तुम्हाला पुन्हा संधी मिळेल याची खात्री नसते. जड आणि रुंद गोळी हाड फोडून आत पोचते.

दुसरं, आतडी काढायला बसलात की रक्ताचा वास वाऱ्यावर जातो. त्या घटकेला हातात काय आहे याचा विचार दुकानात असतानाच करायला हवा. नुसत्या मूसपुरती .३०-०६ बास आहे हे मला मान्य आहे. पण तिथे मूस एकटा नसतो.

वाचनखुणा

वाखूसा (वाचनखूण साठवली). शिकारीशी माझा संबंध नाही, पण चर्चा छान चाललीय. येऊ द्या अजून.

करवीर_नेमबाज

मी शिकारी नाही, स्पर्धेत ५० मीटर रायफल चालवायचो. आमच्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत दिली, पॅरिसला कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे दिला, त्यामुळे या विषयात बोलायचा थोडा हक्क घेतो.

धागाकर्त्याने .२२ आणि .३०८ वर सराव केलाय हे वाचलं. .३०-०६ चा धक्का .३०८ पेक्षा थोडाच जास्त, वजन धरून २० फूट-पाउंडच्या आसपास. .३०० मॅग्नमला तो पंचविसाच्या वर जातो आणि .३३८ ला तिशीच्या पुढे. आकडे लहान वाटतात. पण दहा-पंधरा बार झाले की शरीर आपोआप शिकतं. बोट ट्रिगरवर यायच्या आधीच डोळा मिटतो, खांदा पुढे ढकलला जातो आणि गोळी खाली डावीकडे जाते. ज्याचं होतं त्याला हे कळतही नाही, कारण आवाज आणि धक्का त्याच क्षणी येतात.

तपासायची पद्धत सोपी आहे. मित्राला रायफल भरायला सांगा. त्याने कधी काडतूस घालावं, कधी रिकामं खोकं, तुम्हाला न सांगता. रिकाम्या खोक्यावर नळी हलली तर ती रायफल तुमच्यासाठी मोठी आहे. ही परीक्षा .३३८ घेऊन पास होत असाल तर जरूर .३३८ घ्या.

आणि बेंचवरून सराव बंद करा. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, पाठीवरच्या पिशवीवर रायफल ठेवून मारा. जंगलात टेबल नसतं.

तळकोकणी

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आमच्या वडिलांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक होती. दारू, चिंधी, शिसं, सगळं गजाने ठासायचं आणि वर टोपी लावायची. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पलीकडच्या वाडीत. त्यामुळे तो माणूस कित्येक रात्री बंदूक न उडवता परत यायचा. नीट दिसत नसेल तर चाप ओढायचाच नाही हा नेम. म्हणायचे, "बंदूक केवढी ता नको इचारू, बार खंय लागलो ता सांग."

काडतुसातलं मला फारसं कळत नाही, पण हा नेम तुमच्या कॅनडातही चालेल असं वाटतं.

बारूदखाना

सगळे काडतुसाच्या नावावर भांडताय, गोळीबद्दल कोणीच बोलत नाही. प्राण्याच्या आत काडतूस जात नाही, गोळी जाते.

१९४६ साली जॉन नॉस्लर नावाचा अमेरिकन माणूस ब्रिटिश कोलंबियातच मूसच्या शिकारीला गेला होता. हातात .३०० एच अँड एच मॅग्नम, म्हणजे ताकदीची कमी नाही. समोरचा मूस चिखलात लोळून आलेला, अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. गोळ्या वेगाने जाऊन वरच्यावर फुटल्या आणि आत खोल गेल्याच नाहीत. त्याने घरी येऊन अशी गोळी बनवली जिच्या पोटात तांब्याच्या मिश्रधातूचा आडवा पडदा आहे. पुढचा भाग फुलतो, पडद्यामागचा अर्धा भाग शाबूत राहून आत शिरत जातो. तीच नॉस्लर पार्टिशन. १९४८ पासून विकली जातेय आणि आजही मूससाठी पहिलं नाव तिचंच घेतात.

म्हणून सुमेधाताईंचं हाड फोडण्याचं म्हणणं पटतं, पण त्याचं उत्तर .३३८ च असलं पाहिजे असं नाही. .३०-०६ मध्ये १८० ग्रेनची पार्टिशन किंवा बार्न्स कंपनीची अखंड तांब्याची गोळी घाला, ती तिरक्या मूसच्या खांद्यातूनही आत जाते. उलट .३०० मॅग्नममध्ये हरणासाठीची पातळ कवचाची गोळी घातलीत तर नॉस्लरसारखीच गत होईल.

तांब्याच्या गोळीचा आणखी फायदा. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच लांब मांसात पसरतात. घरात लहान मुलं मटण खाणार असतील तर याचा विचार करा.

हिरवाई

सगळं वाचलं. माफ करा, पण एवढा देखणा प्राणी मारायचाच कशाला? आपल्या देशात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली म्हणून निदान जे उरलंय ते उरलंय.

पीस_नदीकाठी

हिरवाई, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि मी तो स्वतःला विचारूनच इथवर आलोय. भारतात ती बंदी हवीच होती. इथे किती प्राणी, कोणत्या भागात, कोणत्या तारखांत, नर की मादी, हे सरकार दरवर्षी ठरवतं, आणि खाण्यालायक मांस जंगलात टाकून येणं गुन्हा आहे. २०१७ च्या डिसेंबरपासून या प्रांतात ग्रिझली अस्वलाची परवान्यावरची शिकार बंद केली, ती शिकार लोकांना पटेना म्हणून. मी मटण खातो. ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आलेलं खाण्यापेक्षा स्वतः जबाबदारी घेऊन मिळवलेलं मला जास्त प्रामाणिक वाटतं. तुम्हाला पटणार नाही, त्याचाही आदर आहे.

लॅब्राडॉर_रिटर्न

हिरवाईंच्या बाजूने एक भर. नियम असले तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. क्युबेक-लॅब्राडॉरमधला जॉर्ज रिव्हर कॅरिबूंचा कळप एके काळी सात-आठ लाखांचा होता. तो इतका घटला की २०१३ मध्ये लॅब्राडॉरमध्ये शिकार बंद करावी लागली, आणि पुढे तो दहा हजारांच्याही खाली गेला. नुसत्या शिकारीमुळे झालं असं नाही, पण कॅरिबूसाठी रायफल चालली पाहिजे असं लिहिताना आधी त्या कळपाची स्थिती बघा, ही विनंती.

बाबुराव_टोरांटो

एवढी ऊर्जा-बिर्जा कशाला? आल्बर्टात स्लेव्ह लेकजवळ १९५३ साली बेला ट्विन या क्री जमातीच्या बाईने एका वेळी एकच गोळी भरायच्या .२२ ने विक्रमी ग्रिझली पाडलं होतं. आपला जिम कॉर्बेटही .२७५ रिग्बी वापरायचा, तीही आजच्या मानाने लहानच.

सुमेधा_अँकरेज

बाबुराव, बेला ट्विनची गोष्ट खरी आहे आणि ती बाई थोरच. पण ती सापळे लावून जगणारी होती, जनावर कसं चालतं, कवटी कुठे पातळ असते हे तिला ठाऊक होतं, आणि अस्वल अगदी जवळ आल्यावर दुसरा इलाज नव्हता म्हणून तिने गोळी झाडली. तिने .२२ निवडली नव्हती, हातात तीच होती. इनुइट लोकही .२२३ किंवा .२४३ ने कॅरिबू मारतात, पण ते त्या प्राण्याबरोबर आयुष्य काढतात आणि योग्य क्षणासाठी तासन्‌तास थांबू शकतात. एका आठवड्याच्या रजेवर आलेल्या माणसाला तो आदर्श सांगणं धोक्याचं आहे. त्यातून जखमी होऊन पळालेला मूस कुठेतरी दोन दिवस तडफडतो.

कॉर्बेटकडे .४५०/४०० ची दुनळीही होती, हेही सांगा की.

उप्सालाकर

स्वीडनमधून. इथे मूसची शिकार हा जवळजवळ सणच असतो, आणि काय चालेल ते कायद्यातच लिहिलंय. गोळी १० ग्रॅमहून जड असेल तर १०० मीटरवर तिच्यात किमान २००० ज्यूल ऊर्जा हवी. ९ ते १० ग्रॅमची असेल तर २७००. म्हणूनच आमच्या आजोबांच्या पिढीची ६.५x५५ अजून जिवंत आहे. तिची १५६ ग्रेनची गोळी दहा ग्रॅमच्या जेमतेम वर बसते. या हलक्या काडतुसाने इथे पिढ्यान्‌पिढ्या मूस पडलेत. धागाकर्त्याची .३०-०६ १०० मीटरवर तीन हजार ज्यूलच्या वर असेल, म्हणजे स्वीडनच्या हिशोबात भरपूर.

पण इथे अंतर कमी असतं, कुत्रा मूसला भुंकून जागेवर अडवतो, आणि परीक्षेत पळत्या मूसच्या लाकडी आकृतीवर नेम दाखवावा लागतो. शेजारी नॉर्वेत तर दरवर्षी हंगामाआधी १०० मीटरवर रेनडिअरच्या आकृतीत पाच गोळ्या बसवून दाखवाव्या लागतात. त्यामुळे आमचे आकडे उचलून न्यायचे असतील तर हा सरावही सोबत न्या.

ध्रुवावरून_वास्को

अस्वलाचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमची संस्था गोव्यात वास्कोला. संशोधनाच्या कामानिमित्त स्वालबार्डमधल्या न्यू-ओलेसुंडला, २००८ साली सुरू झालेल्या आपल्या हिमाद्री केंद्रात राहिलोय. तिथे वस्तीच्या बाहेर पाऊल टाकायचं तर ध्रुवीय अस्वलापासून बचावाचं साधन लागतं. त्यासाठी आधी रायफलचं प्रशिक्षण. आम्ही सगळे प्रयोगशाळेतली माणसं, पण हातात मोठमोठी मॅग्नम कोणी दिली नाही. .३०-०६ किंवा .३०८, साधी बोल्टची रायफल.

प्रशिक्षणात सगळ्यात जास्त वेळ कशावर गेला सांगू? जाड हातमोजे घालून बोल्ट मागे ओढणं, पुढे ढकलणं, मॅगझिन भरणं. नळीत काडतूस ठेवून चालायचं नाही, ते फक्त मॅगझिनमध्ये. अस्वल दिसलं की आधी मागे सरकायचं, मग सिग्नल पिस्तुलाने आवाज आणि प्रकाश करायचा. गोळी अगदी शेवटी. तिथे अस्वलाला १९७३ पासून संरक्षण आहे आणि एखादं मारलं गेलं तर चौकशी होते. वस्तीतल्या घरांना कुलूप लावत नाहीत, कोणालाही धावत आत शिरता यावं म्हणून.

तेव्हा धागाकर्ते, अस्वलासाठी रायफल मोठी करण्यापेक्षा हातमोज्यात तीन गोळ्या किती वेळात मारता येतात ते बघा. आणि बेअर स्प्रे (अस्वलावर मारायचा मिरचीचा फवारा) कमरेला ठेवा, पिशवीत नको. टॉम स्मिथ आणि स्टीफन हरेरो यांनी सहकाऱ्यांसह अलास्कातल्या घटना तपासून २००८ मध्ये लिहिलं होतं की तपकिरी अस्वलांना स्प्रेने ९२ टक्के वेळा रोखलं.

कॅलगरीचा_पाटील

वास्कोकर, सुंदर प्रतिसाद. अवांतर: कॅनेडियन रेंजर्स, म्हणजे उत्तरेच्या वस्त्यांमधले लोक जे तिथल्या निगराणीचं काम करतात, १९४७ पासून कित्येक दशकं ली-एनफिल्ड .३०३ वापरत होते. आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर असायची ती थ्री नॉट थ्री, त्याच घराण्यातली. थंडीत अडकत नाही, साध्या तेलावर चालते, एवढ्यावर ती टिकली. आता त्यांना फिनलंडच्या टिक्का रायफलवर आधारलेली .३०८ ची सी-१९ मिळालीय. ध्रुवीय अस्वलांच्या मुलखात रोज फिरणाऱ्यांना सरकारने मॅग्नम दिलं नाही, हे लक्षात घ्या.

यलोनाइफ_यात्री

थंडीचं मी सांगतो, कारण रायफल ऐनवेळी न उडण्याचं कारण बहुतेक वेळा काडतूस नसतं.

बोल्ट उघडा, आतल्या स्ट्रायकरवरचं, म्हणजे काडतुसावर आदळणाऱ्या पिनेवरचं, कारखान्याचं ग्रीस धुऊन काढा. गोठलं की पिन हळू आदळते आणि नुसतं टक् होतं. रात्री रायफल गरम तंबूत आणू नका. थंड लोखंडावर दव धरतं, सकाळी बाहेर काढलं की त्याचा बर्फ होतो आणि बोल्ट जाम. बाहेरच ठेवायची, कोरड्या आडोशाला, काडतुसं काढून. नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिशियनची काळी टेप लावा. चिखल, बर्फ, पाणी आत जात नाही. गोळीच्या पुढची हवाच टेप उडवते, नेम बदलत नाही.

नदीवर ओलं होणारच, म्हणून स्टेनलेस नळी आणि सिंथेटिक दस्ता. अक्रोडाचा दस्ता दिसायला राजबिंडा, पण ओलावा पिऊन फुगला की नळीला टेकतो आणि शून्य सरकतं. दुर्बीण ३-९ (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी) पुरे आणि जंगलात ती तीनवरच ठेवा. नऊवर ठेवून जवळच्या मूसकडे पाहिलंत तर नुसते केस दिसतील.

बाबुराव_टोरांटो

एक गोष्ट कोणीच सांगत नाहीये. मोठा नर सातशे किलोपर्यंत जातो. बार एका सेकंदाचा, त्यानंतर दोन दिवस मांस वाहायचं. रायफलपेक्षा आधी मित्रांच्या पाठी मोजा! :)

सुमेधा_अँकरेज

हे मात्र सोळा आणे खरं. अलास्काच्या खात्याच्या हिशोबाने १६०० पाउंडांच्या नरातून सुमारे ५०० पाउंड मांस निघतं. मलमलीच्या पिशव्या जास्तच घ्या. कातडं लवकर उतरवा, मांडी हाडापाशी आधी खराब होते, तिथे हवा लागू द्या.

पीस_नदीकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. सुमेधाताई, तुमचा मुद्दा मी सोडलेला नाही. नेमबाजांनी सांगितलेली परीक्षा मित्राच्या .३३८ वर करून पाहिली आणि नळी हलते. सरावाने जाईलही, पण हंगाम दोन महिन्यांवर आहे. म्हणून .३०-०६, टिक्का, स्टेनलेस, १८० ग्रेन पार्टिशन. स्प्रे कमरेला.

आता दोन शंका. शून्य किती यार्डांवर करू? आणि मूसवर नेम नेमका कुठे?

बारूदखाना

२०० यार्डांवर. म्हणजे १०० वर दोनेक इंच वर लागेल आणि अडीचशेपर्यंत काही हिशोब करावा लागणार नाही. काडतुसांचे डबे एकाच लॉटचे घ्या आणि त्याच काडतुसांनी शून्य करा.

सुमेधा_अँकरेज

अभिनंदन, चांगली निवड केलीत.

मूसच्या खांद्यावर उंच मदार असते, त्यामुळे डोळा फसतो आणि नवे लोक उंच मारतात. पाठीचं टोक विसरा. पोटाच्या रेषेपासून वर यायला लागा, उंचीच्या एक तृतीयांशावर, पुढच्या पायाच्या लगेच मागे. गोळी लागल्यावर तो उडी मारेलच असं नाही. पुष्कळदा काहीच झालं नाही असा उभा राहतो. तो उभा आहे तोवर पुन्हा भरा आणि पुन्हा मारा, नेम चुकला असं समजून थांबू नका.

आणि नदीत किंवा दलदलीत उभा असेल तर थांबा. काठावर येईपर्यंत कितीही वेळ लागो. कमरेएवढ्या थंडगार पाण्यात पडलेला मूस पाच माणसांनाही हलत नाही.

तळकोकणी

नीट जावा, नीट येवा. मटण कसा शिजवतास ता मगे कळवा.